पाच वाक्यांसाठी एक रविवार

शाळेच्या डायरीतली लाल पेनाने लिहिलेली चिठ्ठी वहिनीने मला बुधवारी संध्याकाळी दाखवली. मी नुकतीच ऑफिसातून आले होते. मी एका कंपनीच्या तक्रारींच्या टेबलावर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं, एवढंच काम. घरी आल्यावर अर्धा तास तरी कोणी काही सांगू नये असं मला वाटतं. पण जबलपूरच्या रांझी भागातल्या आमच्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसं आहेत, त्यामुळे तो अर्धा तास मला कधी मिळत नाही.

"ताई, हे बघा जरा," वहिनी म्हणाली. तिच्या कडेवर तीन वर्षांचा भाचा होता आणि त्याच्या नाकातून पाणी वाहत होतं.

सोमवारी तोंडी परीक्षा आहे, प्रत्येक मुलाने 'बीचवरचा माझा दिवस' या विषयावर इंग्रजीत पाच वाक्यं बोलायची, असं त्यात होतं. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं की वर्ष संपत आलं तरी तुमची मुलगी वर्गात एकदाही बोललेली नाही. या वेळीही बोलली नाही, तर तिला पहिलीत न पाठवता आणखी एक वर्ष केजीत ठेवण्याचा विचार करावा लागेल.

भाची साडेपाच वर्षांची आहे. घरी ती भिंतीवरच्या पालीशी बोलते, कुकरशी बोलते, झोपेतही बोलते. शाळेच्या फाटकातून आत गेली की गप्प होते. का, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. मला थोडंफार सांगता आलं असतं, पण मला कोणी विचारलं नाही.

दादा फॅक्टरीतून आला, त्याने चिठ्ठी वाचली आणि डायरी परत वहिनीच्या हातात दिली.

"बीच? जबलपुरात? समुद्र कुठून आणू मी आता?"

"मुंबईची टीचर असेल," आई म्हणाली.

"इथलीच आहे. आधारतालची," वहिनी म्हणाली. "पुस्तकातच आहे तो धडा."

"चलो, मग पाठ करवून घे," दादा मला म्हणाला. "तू पण तर पाठ करूनच बोलली होती. आठवते ना?"

मला आठवतं. चौथीत असताना आम्हालाही हाच विषय होता. आमच्या वर्गातल्या एकाही मुलीने समुद्र पाहिला नव्हता, पण सगळ्यांकडे गाइड होतं आणि गाइडमध्ये समुद्र होता. मी पंधरा ओळी न अडखळता म्हणून दाखवल्या होत्या. त्यात सीगल होते, ते कसे ओरडतात तेही होतं. सीगल म्हणजे पक्षी, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. टीचर खूश झाल्या आणि त्यांनी सहज विचारलं, कुठल्या बीचवर गेली होतीस? ते गाइडमध्ये नव्हतं. मी उभी राहिले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "पनागर बीच, मॅडम," आणि सगळा वर्ग हसला. पनागरला भाजीचे मळे आहेत. पुढे दोन वर्षं मला वर्गात त्याच नावाने हाक मारत. मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तरी थोडक्यात संपवायचं, ही सवय मला तेव्हा लागली. अजून गेलेली नाही.

तरीही गुरुवारी मी भाचीला घेऊन बसले. पहिलं वाक्य सोपं होतं. मी बीचवर गेले.

"पण मी नाही गेली," ती म्हणाली.

"फक्त म्हणायचं असतं गं."

"गेलीच नाही तर काहून म्हणू?"

मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावायचं माझ्यात त्राण नव्हतं. शिवाय तिचं बरोबर होतं. पाठ केलेलं कुठपर्यंत टिकतं ते मला माहीत होतं. एक साधा प्रश्न आला की संपलं.

म्हणून मी म्हणाले की रविवारी आपण तिलवाऱ्याला जाऊ. तिथे नर्मदेच्या काठाला वाळू आहे. लहानपणी नागपूरचे पाहुणे आले की बाबा आम्हाला तिथे न्यायचे. वाळू आणि पाणी एवढं तर मिळेल. पाच वाक्यांना तेवढं पुरेल.

"ठीक आहे, तू प्लॅन कर," दादा म्हणाला. "तू शिकलेली आहेस."

आमच्या घरात हे वाक्य रजेचा अर्ज, गॅसची तक्रार आणि आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ अशा सगळ्यासाठी वापरतात.

मी मोबाइलवर लहान मुलांना बीचवर नेण्याची तयारी शोधली. इंग्रजीत एक मोठी यादी मिळाली. ती लिहिणाऱ्या बाईला बहुतेक नोकरी नसावी, किंवा नोकर असावेत. उन्हाचं मलम, मोठी छत्री, मुलांचा तंबू, बादल्या, फावडी, ओल्या कपड्यांची वेगळी पिशवी, पाण्याचे बूट, ताकद देणारा खाऊ. मी गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार ऑफिसातून आल्यावर यादीतली एकेक वस्तू आमच्या घरात शोधत होते. बादलीऐवजी न्हाणीतला मग. छत्री दादाची काळी. तंबूऐवजी जुनी मच्छरदाणी, चार कोपऱ्यांना नाड्या असलेली. फावडं कुठेच मिळेना, म्हणून मी स्वयंपाकघरातला पोळ्या उलटायचा सराटा पिशवीत टाकला. मलमाबद्दल विचारलं तर वहिनी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "ताई, पोरगी आधीच माझ्यावर गेली आहे. आता कोणतं ऊन तिला काळं करणार?" त्या आठवड्यात मी तिला हसताना तेवढंच पाहिलं.

ताकद देणारा खाऊ म्हणून मी बारा अंडी उकडली.

आई या सगळ्यात पडली नाही. ती तिची वेगळी पिशवी भरत होती. काय भरून राहिली, असं मी विचारलं नाही. मला वाटलं स्वेटर असतील. फेब्रुवारी होता, सकाळी गार असतं. एकदा तिने मला विचारलं, "रविवारच ठेवला ना तू? नक्की?" मी हो म्हणाले. शनिवारी तिने माझ्यासाठी न सांगता भरली वांगी केली. त्याचा अर्थ मला लागला नाही. लावण्याइतकी मी जागी नव्हते.

सात वाजता निघायचं ठरलं होतं. ओळखीचा ऑटोवाला सात वाजता येऊन उभा राहिला. आम्ही नऊला निघालो. मधल्या दोन तासांत भाच्याने दोनदा चड्डी ओली केली, दादाला फॅक्टरीतून फोन आला, मग मच्छरदाणीला एक भोक सापडलं आणि वहिनी ते शिवायला बसली. कशाला, असं मी म्हणाले. "आता दिसलं तर शिवून टाकते. नंतर कोण शिवते?" असं ती म्हणाली. रांझीहून तिलवारा म्हणजे सगळं शहर ओलांडून जायचं. भाचा माझ्या मांडीवर उभा होता आणि त्याचे बूट माझ्या पोटात रुतत होते. भाची ऑटोच्या कडेला बसून पूर्ण रस्ताभर बोलत होती. बीचवर गाय असते का? रात्री बीच कुठे जातो?

नर्मदेच्या पुलाच्या बरंच अलीकडे पोलिसाने ऑटो थांबवला.

"आगे नहीं जाएगी गाड़ी. पैदल जाइए."

रस्ता माणसांनी भरला होता. ओल्या साड्यांतल्या बायका परत येत होत्या, डोक्यावर पिशव्या, हातात पाण्याने भरलेल्या बाटल्या. नारळ, फुलं आणि पानांचे द्रोण विकणारे दोन्ही बाजूंना बसले होते. लाउडस्पीकरवर हरवलेल्या एका म्हाताऱ्या बाईचं वर्णन कोणीतरी पुन्हा पुन्हा सांगत होतं.

"आज काय आहे?" मी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. "काय आहे म्हणजे? पौर्णिमा आहे. माघातली."

दादाने खांद्यावरची मच्छरदाणी खाली ठेवली. "तू कॅलेंडर नाही बघितलं?"

मी हवामान बघितलं होतं. ऑफिसच्या सुट्ट्या बघितल्या होत्या. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड एक कॅलेंडर टांगलेलं असतं, चौकोनांत बारीक अक्षरांत तिथी छापलेलं. आई रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ते वाचते. मी त्याच्यावर फक्त दूधवाल्याच्या खुणा करते. तिथीचा दिवसाशी काही संबंध असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वहिनीला आणि दादाला वाटलं की मी पाहिलं असेल. आणि आईला वाटलं की मी पाहूनच ठरवलं.

"मला वाटलं, तू माझ्यासाठी ठेवला," आई म्हणाली. "बाबा गेल्यापासून माझं पौर्णिमेचं स्नान झालं नाही ना. म्हटलं, पोरीच्या लक्षात आहे."

तिने पिशवी उघडून दाखवली. नारळ, वाती, तुपाची छोटी बाटली, नर्मदामैयाला वाहायची लाल चुनरी, आणि खाली सहाही माणसांचे कोरडे कपडे, घड्या करून, प्रत्येकाचे वेगळे. माझ्या पिशवीत मग, सराटा आणि बारा अंडी होती.

मी म्हणाले, "हो. त्यासाठीच ठेवला."

एवढं म्हणायला काही हरकत नव्हती. आईच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते तसंच राहू द्यावं, एवढंच मला वाटलं.

"नाही आत्या," भाची म्हणाली. "तू तर बीचसाठी ठेवला होता. टीचरसाठी."

लाउडस्पीकरवरच्या म्हाताऱ्या बाईची साडी हिरवी होती, चष्मा होता. आईने चुनरी परत पिशवीत ठेवली, नीट, वरून हात फिरवून. मग ती भाचीला म्हणाली, "असू दे. दोन्ही करू. पण आधी माझं."

गर्दीतून खाली उतरायला आम्हाला बराच वेळ लागला. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून आम्ही काठाकाठाने पुढे चालत गेलो. शेवटी वाळूचा एक पट्टा सापडला, आमच्या दोन्ही खोल्या मिळून असेल तेवढा. त्यावर आधीपासून एक गाय बसली होती.

"बीचवर गाय असते," भाची म्हणाली. तिचा एक प्रश्न सुटला.

ती पाण्याकडे पळणार तोच आईने तिचा फ्रॉक धरला. आधी वाकून ओंजळीत पाणी घ्यायचं, कपाळाला लावायचं, मगच पाय टाकायचा. भाचीने कारण विचारलं. "आईच्या अंगावर पाय ठेवायचा म्हणजे आधी माफी मागावी लागते," आई म्हणाली. भाची विचारात पडली. ती रोज झोपेत वहिनीच्या पोटावर पाय टाकते. तिने तीनदा पाणी लावलं.

आईने स्नान केलं, दिवा सोडला. भाचीला एक द्रोण सोडायला दिला. तो दोन हात जाऊन गायीच्या बाजूला वाळूला लागला आणि गायीने त्यातली फुलं खाल्ली. दादा बसल्या बसल्या पेंगत होता. वहिनीने मच्छरदाणीची दोन टोकं छत्रीला आणि दोन पिशव्यांना बांधली आणि, मुलं आत खेळतील, असं म्हणत स्वतः आत जाऊन आडवी झाली. दोन मिनिटांत तिला झोप लागली. माझ्या यादीतली ती एकच वस्तू उपयोगी पडली. मी तिला उठवलं नाही. भाचा माझ्याजवळ आला. मग पुढचा तास मी त्याला पाण्यात जाऊ न देण्यात घालवला. तो पाण्यात जात होता, मी त्याला उचलून आणत होते, तो पुन्हा जात होता. सावलीत बसून निवांत मजा घ्या, असं त्या यादीच्या शेवटी लिहिलं होतं.

भाची सराट्याने वाळू खणत होती. मधेच ती उभी राहिली.

"आत्या, ते समोर काय आहे?"

"पलीकडचा काठ."

"समुद्राला पलीकडचा काठ असते?"

"असतो. पण दिसत नाही."

"मग हा समुद्र नाही."

"नाही," मी म्हणाले. "ही नदी आहे."

"अच्छा," ती म्हणाली आणि परत खणू लागली. मला वाटलं, झालं. एवढ्या लांब येऊन पाचातलं एकही वाक्य राहिलं नाही.

तेवढ्यात भाच्याने तिच्या हातातून सराटा ओढला आणि पाण्यात फेकला. दादा उठून धावला, गुडघ्यापर्यंत आत गेला, पण सराटा लोखंडी होता, सरळ तळाशी गेला. भाची रडायला लागली.

"राहू दे," आई म्हणाली. "मैयाला पण पोळ्या करायच्या असतील. एवढे पाहुणे आले आहेत आज."

बारा वाजता मी डबा उघडला. झाकण पुरतं निघायच्या आत आईने वरून हात ठेवला. "काय आहे? अंडी? इथे?" शेजारी एक कुटुंब पूजा करत होतं. त्यातल्या एका बाईने आमच्याकडे पाहिलं. मी झाकण लावलं, पण वास सुटला होता. आम्ही वर एका भंडाऱ्याच्या रांगेत बसून पुरी आणि बटाट्याची भाजी खाल्ली. अंडी परतीच्या रस्त्यात, नदीपासून पुरेसं लांब आल्यावर, दादाने आणि ऑटोवाल्याने रस्त्याकडेला उभं राहून संपवली. "नमक नहीं लाईं, दीदी?" ऑटोवाल्याने मला विचारलं. यादीत मीठ नव्हतं.

घरी आल्यावर सगळ्यांच्या कपड्यांतून वाळू निघाली. वहिनी ताजीतवानी दिसत होती. माझी मान दुखत होती. पोळ्या उलटायला काही नव्हतं, म्हणून आईने चिमट्याने केल्या आणि त्या जरा करपल्या. जेवण झाल्यावर मी भाचीला जवळ बसवलं.

"उद्या काय सांगशील?"

"बीच नव्हता."

"बरं."

"टीचरने विचारलं, कुठला बीच, तर?"

हा प्रश्न मी तिला कधीच सांगितलेला नव्हता. चौथीत मी याच प्रश्नाला नुसती उभी राहिले होते.

"तर सांग, तिलवारा," मी म्हणाले. "आणि जे पाहिलं ते सांग. आठवेल तसं."

"इंग्लिशमध्ये?"

"जमेल तेवढं."

याच्यापेक्षा जास्त मी तिला शिकवलं नाही. नंतर वहिनीने विचारलं, पाचही झाली का, तेव्हा मी झाली म्हणाले. ते खरं नव्हतं. त्या रविवारचं हे माझं दुसरं खोटं.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि तिला आणायला गेले. फाटकाशी इतर आया उभ्या होत्या. मी नेहमीसारखी जरा बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिले. मुलांच्या रांगेबरोबर टीचर बाहेर आल्या. भाचीने त्यांना बोटाने मला दाखवलं. मला पळून जावंसं वाटलं.

"आप बुआ हैं?" टीचरनी विचारलं. "जिन्होंने कैलेंडर नहीं देखा था?"

आजूबाजूच्या दोन आयांनी वळून पाहिलं.

"जी," मी म्हणाले.

टीचर हसल्या नाहीत. त्यांचा घसा बसला होता, सकाळपासून चाळीस मुलांना बीच विचारून. त्यांनी सांगितलं की ही उभी राहिली आणि पहिलंच वाक्य बोलली, की तो बीच नव्हता. इंग्रजीत. मग हिंदी, मग मराठी, मग काय ते त्यांना कळलं नाही. गाय होती, अंडी होती, पाण्यात काहीतरी बुडालं. थांबवलं तरी थांबली नाही. बाकी सगळ्यांनी गोव्याचं सांगितलं, एकसारखं.

"टॉपिक पर तो नहीं था," त्या म्हणाल्या. "लेकिन बोली. फर्स्ट में भेज देंगे. घर में थोड़ी इंग्लिश बोला कीजिए उससे."

मी मान हलवली. आमच्या घरात इंग्रजी फक्त मला येतं आणि मी फारसं बोलत नाही, हे त्यांना सांगायला तिथे उभं राहावं लागलं असतं.

परत येताना रांझीच्या बाजारात आम्ही नवा सराटा घ्यायला थांबलो. सकाळीच आईने सांगून ठेवलं होतं. ऊन डोक्यावर होतं, माझी चप्पल एका बाजूने उसवली होती आणि घरी जाऊन आडवं व्हावं एवढीच माझी इच्छा होती. दुकानदाराने दोन-तीन सराटे समोर ठेवले.

"पुराना टूट गया क्या?" त्याने सहज विचारलं.

मी हो म्हणणार होते. तेवढ्याने काम झालं असतं.

"नहीं," भाची माझ्या हाताखालून पुढे होऊन म्हणाली. "नदी में चला गया. पहले ना, मेरी आत्या ने कैलेंडर नहीं देखा..."

दुकानदाराने हातातला कागद खाली ठेवला आणि तो तिच्याकडे बघू लागला. मागे गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. मी माझ्या खांद्यावरचं तिचं दप्तर काउंटरवर टेकवलं आणि तिचं संपेपर्यंत उभी राहिले. अजून ती पोलिसापर्यंतच आली होती.